बंद न केलेली सीडी

नव्याण्णव साल, दिल्ली. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी साहेबाच्या घरचं सामान विकायला निघालं होतं, आणि चाणक्यपुरीतल्या त्या दिवाणखान्यात सीडी रेकॉर्डरवर दोन हात एकदमच पडले. एक रेवतीचा. दुसरा एका उंच तरुणाचा.

"हे माझं ठरलंय," ती हिंदीत म्हणाली.

"गेलं..." तो मराठीत पुटपुटला, आणि रेवतीला हसू आलं.

सोनेरी रंगाचं ते चांगलंच जड धूड होतं. तिने पहिल्या बोनसमधून, कुणालाही न विचारता घेतलेलं. गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये अजून सोफा नव्हता, पण हे होतं, आणि त्याचा तिला केवढा अभिमान!

टॅक्सीपर्यंत उचलू लागताना त्या तरुणाने, पुष्करने, विचारलं, "आईच्या गाण्याची एकच कॅसेट आहे. टेप खराब होत चाललीय. सीडी करून द्याल?"

"शनिवारी या."

कॅसेट जेवढी लांब, तेवढाच वेळ सीडी भरायला लागतो. दोघं फरशीवर बसून ऐकत राहिले. पुष्करचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं... रेवतीचं सारं लक्ष त्या बोटाकडे.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा दारात. "लक्ष्मीबाई नगरला आमच्याकडे ही सीडी वाजतच नाही यार... सॉरी, म्हणजे—"

रेवतीला कारण ठाऊक होतं. भरून झाल्यावर मशीनचं एक बटण दाबून सीडी कायमची 'बंद' करावी लागते. तोवर ती ज्या मशीनवर भरली, त्याच मशीनवर वाजते. 'विसरले' म्हटलं असतं तर ती सहज सुटली असती. पण खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं.

"मी मुद्दाम बंद केली नाही," ती म्हणाली. "तुम्ही परत यावं म्हणून."

"अच्छा..." एवढंच तो म्हणाला.

हा माझ्यासाठी येतो की मशीनसाठी? तिला आता कळायलाच हवं होतं. तिने सीडी बंद केली आणि त्याच्या हातात ठेवली.

"आता कुठेही वाजेल. यापुढे यायचं तर फक्त माझ्यासाठी यायचं."

पुष्कर सीडी घेऊन जिना उतरला. रेवती गॅलरीत गेली नाही. डोळे भरून आले, तरी नाहीच गेली.

बेल वाजली.

"सीडी गाडीत ठेवून आलो," रिकामे हात दाखवत पुष्कर म्हणाला. "आता तुझ्यासाठी आलोय. आणि ती बंद केली नाहीस, हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू तिथल्या तिथे बंद केली असतीस."

रेवती लाजली. पण मान काही तिने खाली घातली नाही.