दहा मिनिटं हात लावायचा नाही

गाडी बंद पडली ती नेमकी गॅरेजच्या फाटकात, आणि तीही आडवी. बाहेर पावसाची भुरभुर, मागे एका टेम्पोचा ठणाणा हॉर्न, आणि आत जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक माणूस. तो पुन्हापुन्हा किल्ली फिरवत होता आणि दर वेळी गाडीची माफी मागत होता.

"अहो, तिला सॉरी म्हणून काय होणार?" काचेवर टकटक करत गॅरेजमधल्या मुलीने विचारलं. "न्यूट्रल करा. ढकलते मी."

"तुम्ही ढकलणार?"

"मग काय, शेजारी बसून मीही सॉरी म्हणू?"

तो हसला. चष्म्यावर पावसाचे थेंब होते, त्यामुळे त्याचे डोळे तिला दिसले नाहीत. हसू मात्र दिसलं, आणि तेवढं पुरलं.

गॅरेज तिच्या मामाचं. मामा इंजिनं उघडायचा, आणि गाडीच्या कॉम्प्युटरचं जे काही असेल ते तिच्या वाट्याला यायचं. म्हणून अख्खी गल्ली तिला कॉम्प्युटरबाई म्हणायची. तो होता चौकापलीकडच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा, आवाज न चढवणारा माणूस. गाडीचा आवाज मात्र गावगुंडासारखा.

"हे उद्योग कुणाचे?" बॉनेट उघडून तिने विचारलं. आत भलामोठा एअर फिल्टर बसवला होता, मागे रुंद सायलेन्सर.

"मावसभावाचे. म्हणाला, गाडीला जरा मोकळा श्वास घेऊ दे."

"श्वास मोकळा केलात, पण तिच्या डोक्याला कळवलं कुणी? हवा दुप्पट येतेय आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्या सवयीनेच पेट्रोल सोडतोय. त्याचं जुनं शिकलेलं सगळं पुसायला हवं. मग तो नव्याने शिकेल."

पुसणं मिनिटभराचं काम. तिने स्कॅनर जोडला, दोन बटणं दाबली, झालं. खरं काम त्यापुढचं. गाडी सुरू करून दहा मिनिटं नुसती उभी ठेवायची. एसी नाही, पंखा नाही, दिवे नाहीत, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही. त्या दहा मिनिटांत इंजिन आपली नवी चाल ओळखतं. मध्येच बंद केलं तर शिकणं अर्धवट राहतं.

"मग मी काय करू?" शेजारच्या सीटवर बसत त्याने विचारलं.

"काहीच नाही. दहा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही."

"कशालाही?"

ती स्कॅनरकडेच बघत राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या ते तिचं तिलाच कळलं.

पंखा बंद असल्यामुळे काचा धुरकट होत गेल्या. बाहेरचं गॅरेज, टेम्पो, मामा, सगळं पुसट झालं. इंजिन आधी थरथरत होतं, मग हळूहळू शांत होऊ लागलं.

"तुम्हाला जवळचं नीट दिसत नाही," तो एकदम म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"स्कॅनर हात लांब करून वाचताय. दुकानात या, नंबर काढून देतो." मग जरा थांबून… "म्हणजे, गाडीचं आज झालं की मला इथे परत यायला नको ना?"

नको, असं म्हणायचं होतं. खरं तेच होतं. घड्याळात सात मिनिटं झाली होती. आणि कॉम्प्युटरबाई, जिने मध्येच गाडी बंद करणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांची हजेरी घेतली होती, तिने हात पुढे केला आणि किल्ली फिरवली.

"झालं," ती म्हणाली. "पण हवा बदलली की आणावी लागेल हं. थंडी पडली की एकदा, ऊन वाढलं की एकदा. अशा गाड्यांचं तसंच असतं."

साफ थाप होती. पूर्ण शिकलेली गाडी हवापालट आपला आपण सांभाळते. अर्धवट शिकलेली अडखळते. तिला वाटलं, तीन मिनिटांनी काय बिघडतं? फार तर जरा थरथरेल, आणि मग तो येईल.

आठवड्याने ती त्याच्या दुकानात गेली. अंधाऱ्या खोलीत त्याने तिच्या नाकावर जड फ्रेम ठेवली आणि एकेक भिंग सरकवू लागला.

"हे बरं… की हे बरं?"

"दोन्ही सारखंच."

"आणि आता?"

"सारखंच."

"खोटं बोलू नका, नंबर चुकेल." त्याच्या आवाजात हसू होतं. "इथे जास्त वेळ बसायचं असेल तर तसं सांगा, चहा मागवतो."

चहा आला. नंबरही अगदी बरोबर निघाला. चष्मा तिच्या कानांवर नीट बसवत तो म्हणाला, "आता दोन वर्षं तोंड दाखवू नका. काम चोख झालं की माणूस परत येत नाही, आमच्या धंद्याचं हेच दुःख."

ती हसली खरी, पण उरलेला चहा तिने तसाच ठेवला. त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं.

थंडी आली, गाडी आली. ऊन वाढलं, गाडी आली. दर वेळी तीच धुरकट काच, तीच सात मिनिटं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा तो आईला घेऊन आला. आई मागच्या सीटवर ऐसपैस बसली, डोळे मिटून म्हणाली, "मी झोपलेय असं समजा." आणि उतरताना तिचा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "पोरी, कधीतरी गाडीशिवाय भेटा की रे तुम्ही. घरी ये."

"येईन," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात असं करत ते राहून गेलं.

पुन्हा थंडी पडली. या वेळी गाडी आली नाही. एक महिना गेला, दुकानालाही कुलूप दिसलं. मग एका दुपारी फाटकात तो ओळखीचा गुंडाचा आवाज आला, धपापत, मध्येच तुटत.

तो उतरला तेव्हा तिचा हात आपोआप तोंडावर गेला. दाढी वाढलेली, चष्म्याच्या काचा न पुसलेल्या.

"आई गेली," तो म्हणाला.

गाडीच्या टपावर हात ठेवून तो बोलत राहिला.

"मावशीकडे गेली होती. तिथेच छातीत दुखायला लागलं. दवाखान्यातून फोन आला, लगेच निघा, तुमचं नाव घेतायत. निघालो. आणि ही… प्रत्येक सिग्नलला पाय काढला की बंद. सात-आठ वेळा बंद पडली. पोचलो तेव्हा ती जाऊन वीस मिनिटं झाली होती. हात अजून गरम होता तिचा."

इंजिन थरथरत होतं. दोन वेळा दचकलं आणि आपोआप बंद पडलं.

"गाडीचा दोष नाही," तो म्हणाला. "तू बजावलं होतंस, थंडी पडली की आण. मी दुकानाच्या नादात आणली नाही. माझ्या आळसापायी आई एकटी गेली. रोज रात्री तेच डोक्यात येतं बघ. नुसती इथवर आणली असती तर…"

तिला रडू फुटलं. गप्प राहिली तर तो तिचाच राहणार होता, कदाचित आज तिच्या खांद्यावर डोकंही टेकणार होता. आणि तिची थाप आयुष्यभर स्वतःच्या माथी घेऊन फिरणार होता.

"तुझी चूक नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

"काहीतरी समजूत काढू नकोस."

"ऐक. हवा बदलली की गाडी आणावी लागत नाही. तो नियम मी बनवला होता. दहा मिनिटं लागतात, मी दर वेळी सातव्या मिनिटाला बंद करायचे. म्हणजे ती पूर्ण शिकणार नाही, म्हणजे… म्हणजे तू परत येशील. मला तू परत यायला हवा होतास. मला तू आवडतोस रे, पहिल्या दिवसापासून. एवढंच सांगायचं होतं आणि ते न सांगता मी हे करून बसले."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"एकदा नुसतं म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर मी चालत आलो असतो. दुकान चौकापलीकडेच तर आहे."

तिने डोळे पुसले, स्कॅनर आणला आणि जुनं सगळं पुसून टाकलं. गाडी सुरू केली. तो शेजारी बसला, समोर बघत. काचा धुरकट होत गेल्या. दोघांनी कशालाही हात लावला नाही.

सातव्या मिनिटाला तिची बोटं मांडीवरच वळली.

"अजून तीन आहेत," तो म्हणाला.

ती तीन मिनिटं फार लांब होती. दहावं मिनिट सरलं तेव्हा इंजिन एका लयीत चालत होतं. तिने एसी लावून पाहिला, दिवे लावून पाहिले. कुठे अडखळलं नाही.

"आता आणावी लागणार नाही," ती म्हणाली. "कधीच."

त्याने मान हलवली. फाटकातून बाहेर पडताना गाडी एकदाही दचकली नाही.

थंडी सरली. ऊन वाढलं. मामाने एकदा विचारलं, "तुझा तो चष्मेवाला दिसला नाही बऱ्याच दिवसांत?"

"काम नीट झालं त्याच्या गाडीचं," ती म्हणाली.

मग पावसाळी हवा सुरू झाली तशी एका सकाळी ती चौकात जाऊन उभी राहिली. रस्त्यापलीकडे त्याच्या दुकानासमोर गाडी होती. त्याने दिलेल्या चष्म्यातून तिला सगळं स्वच्छ दिसत होतं: दाराचं कुलूप, त्याची घडी मोडलेली कॉलर, हातातली किल्ली. तो आत बसला. गाडी एका झटक्यात सुरू झाली. तिने डोळे मिटले आणि ऐकलं. हवा गार होती, दमट होती, आणि इंजिन अगदी शांत चालत होतं.

गाडी वळणावरून गेली. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती तिथेच थांबली, मग गॅरेजकडे परत निघाली.