गोकुळाचा जुनिपर

"माही ताई पळून जानारी नाई, बाई. शोधा तिले."

१९९८चा नोव्हेंबर. आलापल्लीच्या बसस्टँडवर उतरताच साधनाबाईंना रंभाने गाठलं. तीन आठवड्यांपूर्वी तिची बहीण गोकुळा नाहीशी झाली होती. गोकुळाचा नवरा हेमराज लाकूड कापायच्या आरा मशीनचा मालक. बायको ड्रायव्हरसंगं पळाली, असं तो गावभर सांगत होता.

"भांडण झालं होतं का त्यांचं?"

"भाऊजीच्या चोरीच्या सागाची तक्रार करनार होती ताई."

साधनाबाई चंद्रपुरात खाजगी तपास करायच्या. सोबत मनसारामभाऊ, निवृत्त वनरक्षक. आपल्याला माणसांपेक्षा झाडं बरी कळतात, असं त्यांचं स्वतःचं मत.

हेमराजचं सगळं अंगण पोलिसांनी खणलं होतं. भिंतीपाशी पुरुषभर उंचीचा, टोचऱ्या पानांचा जुनिपर, सुरूसारखं शोभेचं झाड, तेवढा उभा होता.

"इथे का नाही खणलं?" साधनाबाईंनी विचारलं.

"हे हिरवंगार झाड, बाई!" मनसारामभाऊ हसले. "साग उपटला का दुसऱ्या दिवशी पानं लोंबतेत. चाळीस वर्षं तेच पाह्यलं म्या."

"गोकुळाचा जीव होता त्यात," हेमराज म्हणाला. "नागपूरहून आनला तिनं. मी हातबी नाई लावला."

माळी डोमा दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. गोकुळा गेली त्याच दिवशी हेमराजने त्याचं काम बंद केलं होतं.

"झाड एक नंबर, बाई. फक्त एका बाजूनं टक्कल. जुन्या फांदीवर छाटलं का जुनिपर पुन्हा फुटत नाई. म्हनून ती बाजू भिंतीकडं लावली."

साधनाबाई परतल्या त्या पोलीस जमादाराला घेऊनच. हेमराजच्या फाटकात थांबल्या.

"भाऊ, टक्कल कुठे दिसतं?"

"हे काय, समोरच तर..." मनसारामभाऊंनी मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"झाड आपणहून फिरत नाही. कुणीतरी ते उपटलं आणि घाईत उलटं लावलं."

"पन हिरवं हाये ना!"

"हा साग नाही, भाऊ. जुनिपर मेला तरी कित्येक आठवडे हिरवाच दिसतो." त्यांनी नखाने डहाळीची साल खरवडली. आत कोरडं, तपकिरी. "तुमच्यासारखंच सगळ्यांनी पानं पाहिली. हेमराजही त्यावरच विसंबले. माळ्याला मात्र मुद्दाम दूर ठेवलं, कारण त्याला टक्कल ठाऊक होतं. जमादारसाहेब, खणा."

हेमराज पायरीवर बसला.

रंभा मागल्या दाराने आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पळाली नाई ताई," ती पुटपुटली. मग हेमराजकडे वळली. "भाऊजी, तुमीच म्हनलं न, झाड ताईचं हाय, सुकू देऊ नको? मी रोज दोन बादल्या पानी..."

जमादाराचं फावडं थांबलं. मनसारामभाऊंनी पुढे होऊन तिच्या हातातली भरलेली बादली काढून घेतली.