भुंग्याच्या डोक्यातला पूल

वैजूच्या आत्याचं लग्न झालं, ते साल २०५८. मांडव उतरला त्याच दिवशी वैजूच्या लाडक्या कुत्र्याला, भुंग्याला, पहिली आकडी आली. आधी उजवा पाय थरथरला, मग सगळ्या अंगाला झटके. पुढे दर आकडी आधीच्यापेक्षा लवकर येऊ लागली. उजव्या पायाचं दुखणं डावीकडे जातं कसं, हे कोडं वैजूला सुटेना.

तिचे आबा जनावरांचे डॉक्टर. त्यांनी पडद्यावर भुंग्याचा मेंदू दाखवला. "हे दोन गोलार्ध (मेंदूचे अर्धे भाग). डावा उजवं अंग चालवतो, उजवा डावं. मधे महासंयोजी पिंड (दोघांना जोडणारा तंतूंचा पूल). एकीकडच्या पेशी एकदम ओरडायला लागल्या, की गलका पुलावरून पलीकडे जातो. दर खेपेला ती वाट जास्त मळते."

"मग पूल तोडा की."

"तोडू. आधी तुझी टोळी बोलाव, लेझीम घेऊन."

आबांनी निम्मी पोरं ओसरीवर, निम्मी खोलीत उभी केली. मधलं दार उघडं. ओसरीवरच्या सख्याला मुद्दाम चुकायला सांगितलं.

"त्याला सांगायला कशाला लागतं?" वैजू म्हणाली.

सख्याने ठेका असा दणकून मोडला की ओसरी बिघडली, मागोमाग खोलीही. मग दार लावलं. आता खोली शाबूत राहिली.

"बघा, तोडाच," वैजू म्हणाली.

"थांब. सख्या, आता थोडंसंच चूक." दार उघडं होतं तेव्हा खोलीच्या ठेक्याने सख्याला सावरून घेतलं. दार लावलं, तर तेवढ्याशा चुकीनेही ओसरी बिघडली.

"पुलावरून प्रतिरोधही (शांत करणारा संदेश) जातो," आबा म्हणाले. "म्हणून पूल तोडल्यावर काही प्राण्यांत आकडी पसरायची थांबली, काहींत उलट लवकर यायला लागली."

वैजूचा चेहरा उतरला. मग ती हळूच म्हणाली, "दारावर राखणदार बसवला तर? गलका आला की लावील, एरवी उघडं ठेवील."

आबांनी लगेच कागद ओढला आणि तसा राखणदार आखायला घेतला.

चार महिने खपून त्यांनी कणीएवढं यंत्र बनवलं आणि भुंग्याच्या डोक्यात पुलापाशी बसवलं. पंधराव्या दिवशी त्याचा उजवा पाय थरथरला. वैजूने डाव्या पायावर हात ठेवला. तो पाय हलला नाही. थोड्या वेळाने भुंगा उठला, कान झाडले आणि सख्याच्या हातातली भाकरी घेऊन पळाला.

ते यंत्र आणखी कुणाकुणाच्या कामी येईल, हे बघायला आबांनी माणसांच्या डॉक्टरांनाही बोलावलं.

भुंगा २०६९ सालच्या माघात, चौदा वर्षांचा होऊन, अंगणातल्या उन्हात झोपेतच वारला. त्याआधी सहा वर्षं त्याला एकही आकडी आली नव्हती.