हाडाच्या सुईची दुहेरी शिवण

“कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण सात दिवस मी आदिमानव होतो!”

थोरल्या शिंप्याने हातातला खडू खाली ठेवला. पुतणीने स्टूल पुढे ओढलं. पलीकडे तिचा बाप, म्हणजे धाकटा शिंपी, मशीनवर कोटाला अस्तर लावत होता. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, तरी त्याची शिवण रेघेसारखी जायची.

पुतणी उद्या मैत्रिणींबरोबर काकांच्या त्याच बर्फाळ डोंगरात, आदिमानवासारखं राहायला निघाली होती. लोखंड न्यायचं नाही, काडेपेटीही नाही. तिला काकांच्या युक्त्या हव्या होत्या.

“संग्रहालयाच्या साहेबांनी पैज मारली,” काका रंगात आले. “आदिमानवासारखे सात दिवस तगून दाखवा, तुम्ही शिवलेले कातड्याचे अंगरखे काचेच्या कपाटात मांडतो! हाडाची सुई, आतड्याचा दोरा. निघालो आम्ही दोघे भाऊ. गारगोटी फोडून पाती काढली, कंद उकरले. एका दगडात मी दोन ससे लोळवले!”

“मागच्या महिन्यात एकच होता,” धाकटा मान वर न करता म्हणाला.

“दुसरा त्याच्या मागे होता. तुला दिसला नाही!”

पुतणी खळखळून हसली. काकांना आणखी चेव चढला.

पाचव्या दिवशी भरदुपारी ओढ्यावरचा बर्फ फुटला. धाकटा आत! थोरल्याने केसांना धरून त्याला बाहेर खेचलं, गुहेत आणलं, स्वतःचा कोरडा अंगरखा त्याच्यावर पांघरला आणि काटकी तळहातांत धरून लाकडावर घुसळायला बसला. धूर आला. विझला. पुन्हा धूर! पुन्हा विझला. तळहात सोलून निघाले. धाकट्याची बोटं आधी लाल झाली, मग पांढरी, मग...

इथे आलं की थोरल्याचा आवाज दर वेळी खोल जायचा आणि लगेच अस्वल यायचं. पहिल्या वर्षी ते वासराएवढं होतं. आता ते दुकानाच्या दारातून आत शिरलं नसतं.

“...तेवढ्यात अस्वल! एका घासात दोन बोटं! मी जळतं लाकूड त्याच्या तोंडात कोंबलं!”

अंगरखे कपाटात गेले. थोरला ते बघायला एकदाही गेला नव्हता. संग्रहालयाचा रस्ता टाळण्यासाठी तो गेली तीस वर्षं लांबच्या वळणाने घरी जायचा.

पुतणीचे डोळे चमकत होते. “म्हणजे काड्यांवाचून विस्तव झालाच ना, काका! मैत्रिणी म्हणतायत, लपवून एक काडेपेटी नेऊ. मी नेऊ देणार नाही. तुम्ही तरी कुठे नेली होती?”

मशीन थांबलं.

“दादा, अस्वल नव्हतं. बोटं गारठून गेली.”

थोरल्याने उगाच खडू उचलला.

“तुझ्या अंगरख्याच्या डाव्या काखेत दुहेरी शिवण होती. शिंपी दुहेरी शिवण उगाच घालत नाही. तू तो माझ्यावर पांघरलास, तेव्हा काड्या माझ्या कानाशी खुळखुळल्या. अजूनही असतील त्या, काचेच्या आत.”

खडू मोडला. “तुला... ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस, वेड्या?”

“तू आता उसवशील, मग उसवशील, म्हणून वाट बघत होतो.” धाकट्याने कोटावरून उरलेली तीन बोटं फिरवली. “आणि खरं सांगू? कपाट मलाही हवं होतं.”

मग तो लेकीकडे वळला.

“पोरी, काडेपेटी ने. आणि वरच्या खिशात ठेव.”