वायर काढून ठेवजा

"हे बाई बी तशीच निघाली. वायर लावली आन गेली जेवाले. बॅटरी का झाडाले लागते?"

मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. स्टेजमागे, मोठ्या बॉक्सच्या आडोशाला बसून चपलेचा तुटलेला अंगठा सेफ्टी पिनेनं जोडत होते. जेवायला गेलेच नव्हते.

"माही बॅटरी होय," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "झाडाले लागो नाहीतर वेलाले, तुमाले काय?"

बॉक्सवरून एक डोकं डोकावलं. केसांत धानाच्या तणसाचा भुसा, कानावर मार्कर पेन, आणि चेहऱ्यावर... दूध पिताना सापडलेलं मांजर उगाच अंग चाटू लागतं ना, तसा भाव.

"मले का मालूम, तुमी इथं हाय म्हनून."

"मालूम असतं तं?"

"तं... हळू म्हटलं असतं."

हा लीलाधर. इंदरलाल मास्तरांच्या ऑर्केस्ट्राचा साउंडवाला. दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्यांच्याबरोबरचा माझा पहिलाच प्रोग्राम.

मी भूमेश्वरी. चोरखमाऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. दिवसा ब्लाउज शिवते. बास गिटार माझ्या भावाचा, उमेंद्रचा. तो नोकरीला रायपूरला गेला आणि गिटार कपाटावर राहिला. लग्न मोडून मी माहेरी आले त्या वर्षी तो खाली काढला, धूळ पुसली आणि फोनवर बघून बघून शिकले. कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणी चुकाही काढल्या नाहीत. चार जाड तारा, खालचा घुमणारा आवाज. तो आवाज पुढे येत नाही, पण नसला की गाणं उघडं पडतं. मला तो लगेच आपला वाटला.

पण गिटारच्या पोटात बॅटरी असते आणि ती जपावी लागते, हे मला लीलाधरनं सांगितलं. त्याच दिवशी, चपलेची पिन लावून झाल्यावर.

"हा साधा गिटार नोहे. आत सर्किट हाय, नऊ व्होल्टवर चालते. अन बंद कराचं बटन नाही त्याले. वायर खुपसली का चालू, काढली का बंद. तुमी वाजवा का नका वाजवू, वायर आत असली का बॅटरी जळूनच राहिली."

"मंग मी जेवाले गेली तरी?"

"तुमी जेवाले, तो उपाशी."

आमच्या भागात हे फार महत्त्वाचं. स्टेज लागतो अकराला, आवाज तपासून होतो बाराला, आणि प्रमुख पाहुणे 'निघालेच' म्हणत पाचपर्यंत येतात. तेवढे पाच तास माझी वायर आत असायची. मी विसरायचे. मग लीलाधरच येऊन काढायचा, गुंडाळायचा, आणि जाता जाता म्हणायचा — "वायर काढून ठेवजा, बाई."

नवीन बॅटरी टाकली की तो तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवायचा आणि मार्करनं तारीख लिहायचा. सुटी, स्वस्तातली घेऊ द्यायचा नाही. पावसाळ्यात प्रोग्राम नसले की फोन करायचा, "बॅटरी काढून ठेवली ना? नाहीतर आतच पाझरते." एवढंच बोलून ठेवून द्यायचा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत असे नऊ फोन. एका बॅटरीसाठी जरा जास्तच होते, पण मी काही म्हटलं नाही.

बॅटरी तपासायची त्याची पद्धत म्हणजे जीभ. टोकं जिभेला लावायची. झणझणलं तर ताजी, गुदगुली झाली तर अर्धी. मग माझ्यापुढे धरायचा, "पाहा." मी ओढणीनं पुसून घ्यायचे.

"पुसता कायले?"

"तुमची चव नको."

"मीठ जास्त झालं काय?"

मी तोंड फिरवून हसायचे... आणि जीभ मग बराच वेळ झणझणत राहायची. बॅटरी अर्धी असली तरी.

ऑर्केस्ट्रात सगळे त्याला लीलाधरभाऊ म्हणत. गायिका डिंपल तर दर वाक्यात दोनदा. मी कधीच म्हटलं नाही. पहिल्या दिवशी रागानं. नंतर का ते मी स्वतःला विचारलं नाही, आणि बाकीच्यांनीही मला विचारलं नाही. सगळ्यांनी ऐकलं मात्र होतं.

अशी दोन वर्षं गेली. तीच गाणी, तोच टेम्पो, कोहमाऱ्याच्या ढाब्यावरची तीच पातळ डाळ. गिटारच्या पट्ट्यानं डावा खांदा उतरला. कार्तिक आला की गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते — पाहुणे, पाळणे, जिलबी, आणि संध्याकाळी आमचा ऑर्केस्ट्रा. यंदा सलग पाचवी मंडई होती आणि मला नुसतं आडवं व्हायचं होतं, कापलेल्या धानाच्या ढिगावर, पुंजण्यावर का होईना.

त्या दुपारी आवाज तपासून झाला आणि लीलाधर आला. "बॅटरी थकली आज. बदलून घेऊ. नवीन आणली."

डिंपल आरशातून म्हणाली, "भाऊ, माझ्या माइकचे सेल तीन दिवसांपासून मरून राहिले. त्याले कोनी इचारत नाही. ताईच्या गिटारले मात्र डॉक्टर घरपोच."

ढोलकवाला हसला. मास्तरही हसले. हसणं साधंच होतं, पण मी थकलेली होते आणि कानापर्यंत लाल झाले होते.

"माह्या गिटारले हात लावू नका," मी म्हटलं. "बॅटरीले नाही, वायरले बी नाही."

लीलाधरनं दोन्ही हात वर केले आणि मिक्सरकडे निघून गेला. मी जेवायला गेले. वायर आत राहिली. पाहुणे साडेपाचला आले.

तिसऱ्या गाण्यात माझ्या पायाजवळच्या डब्यातून — त्यात आपलं वाजवणं आपल्याला ऐकू येतं — आवाज आधी फाटला. मग बारीक झाला. मग गेला. मी ओळखलं, बॅटरी संपली.

आणि तरी बास वाजत होता.

मी तारांवरून हात उचलला. दोन्ही हात. समोरच्या मोठ्या बॉक्समधून बास सफाईनं पुढे चालला होता. एकही चूक नाही. माझ्या चुका मला ओळखता येतात. ह्याच्यात मी नव्हतेच.

मंडईत सात-आठशे माणसं असतील. कोणी मान वळवली नाही. पाळणा फिरत होता, जिलबीवाला झारा आपटत होता. फक्त मिक्सरमागे एका माणसानं झटकन कानाचे हेडफोन काढले आणि माझ्याकडे पाहिलं.

उरलेली अकरा गाणी मी नुसती बोटं हलवली.

प्रोग्राम संपला तेव्हा अंधार पडला होता. स्टेजमागे दिव्याखाली सगळे सामान आवरत होते. मी विचारलं, "माहा आवाज कवापासून बंद हाय?"

मास्तर म्हणाले, "आधी चाय घे. पाहुणे लय खूश झाले."

डिंपल फोनमध्ये बघत म्हणाली, "ताई, तुमचे फोटो मस्त आले."

ढोलकवाल्यानं ढोलकीची दोरी सोडली, बांधली, परत सोडली.

"पोळ्यापासून," लीलाधर म्हणाला. तो वायर गुंडाळत होता. हात थांबला नाही. "सतरा प्रोग्राम झाले. बास लॅपटॉपमधून जाते. पायाजवळच्या डब्यात मीच सोडत होतो तुमचा आवाज. तुमाले समजू नये म्हनून."

"अवो, जमाना तसा हाय आता," मास्तर म्हणाले. "पोस्टरवर तुहा फोटो हाय. बाई गिटार घेऊन उभी राहिली का लोक येतात..."

"मास्तर, पुढच्या खेपेले बास चालू असन तं येईन. नुसती उभी राहाले येनार नाही."

"पाहू," ते म्हणाले, आणि चहा बघायला गेले. डिंपलही गेली. स्टेजमागच्या धानाच्या पुंजण्याजवळ आम्ही दोघं उरलो.

मी गिटार उलटा केला, मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली. जिभेला लावली. काही नाही. मग पट्टीवरची तारीख वाचली. तान्ह्या पोळ्याची होती.

"पोळ्याले आवाज बंद केला," मी हळूच म्हटलं, "अन दुसऱ्या दिवशी नवीन बॅटरी टाकली? जो आवाज बाहेर जातच नाही, त्याची वायर रोज काढत होता? कायले?"

"बाहेर नाही जात." तो वायरच्या वेटोळ्याकडे बघत होता. "हेडफोनमधी येते. मिक्सरवर बटन असते, दाबलं का एकाचंच आयकू येते. बाकी सगळे बंद... तू चालू."

तू. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"सतराही प्रोग्राम?"

"सतराही. दुसऱ्या अंतऱ्याले तू जराशी मांगं राहते, थकली असली का. जेवली नसली तं पहिल्याच अंतऱ्याले."

मला रडूही येत होतं आणि हसूही. दोन्हींसाठी अंगात ताकद नव्हती. "सांगितलं काऊन नाही मंग?"

"सांगितलं असतं तं तू घरी बसली असती. मंग मी का लॅपटॉप आयकू?"

"हे बरोबर नाही केलं."

"नाही केलं," तो म्हणाला. पुढे सारवासारव केली नाही. खिशातून नवीन बॅटरी काढली, जिभेला लावली, दचकला, आणि माझ्यापुढे धरली. ओढणी खांद्यावरच होती. मी पुसली नाही... तशीच जिभेला लावली.

बांधापलीकडून कापलेल्या धानाचा गोडसर वास येत होता.

"आता घरीच वाजवशील?" त्यानं विचारलं.

"वाजवीन. शिवनकाम झाल्यावर."

"मी येऊ आयकाले?"

"ये."

"तुही आई इचारन ना." त्यानं मार्कर कानावरून काढला, परत लावला. "दोन वरसांत तू मले भाऊ बी नाही म्हटलं, नावानं बी नाही बलावलं. मंग कोन म्हनून येऊ?"

टेम्पोजवळ मास्तर आणि डिंपल चहाचे रिकामे कप धरून मुद्दाम दुसरीकडे बघत उभे होते. मी बॅटरी बसवली, झाकण लावलं.

"माहा मानूस म्हनून ये, लीलाधर."