जुईलीचा पिवळा ठिपका

"बाई, सार्थकचा दिवा अजून झोपलाय!"

पाचवीच्या वर्गात हशा पिकला. सार्थकने कपाळावरची पट्टी उलटी बांधली होती. गोठोस्करबाईंनी ती सरळ करून दिली, तसा त्याच्या कानशिलाजवळचा ठिपका निळा झाला.

"उठला एकदाचा," बाई म्हणाल्या. "दिवा म्हणतेय मी. सार्थकचं अजून बघायचंय."

पेणमधल्या त्या शाळेत उमजपट्टी येऊन वर्ष होत आलं होतं. रबरासारखी मऊ पट्टी, बांधल्याचं पोरं पाच मिनिटांत विसरून जात. एखादी गोष्ट समजते त्या क्षणी मेंदूच्या निरनिराळ्या भागांतल्या विद्युतलहरी जरा वेळ एका तालात येतात. पट्टी तो ताल टिपायची आणि डोळ्यांची हालचालही. ठिपका निळा असला तर मूल ऐकतंय, पिवळा असला तर अडलंय किंवा लक्ष भरकटलंय, आणि हिरवा झाला की उमजलं.

बाईंना पट्टीचं फार अप्रूप होतं. त्यांनी जन्मभर चेहरे वाचून शिकवलं होतं आणि चेहरे फसवतात. पहिल्या बाकावर सारखी मान डोलावणारी रिद्धी बहुतेक वेळा पिवळीच असे. खिडकीबाहेर बघत बसणारा फैजान सगळ्यांच्या आधी हिरवा होई. "कळत नाही तर मान कशाला गं हलवतेस?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा रिद्धी म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." पट्टी नसती तर हे बाईंना कधी कळलंच नसतं. पट्टी बनवणाऱ्यांना त्यांनी त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले.

फक्त जुईली समेळचा ठिपका हिरवा होत नव्हता.

अपूर्णांक सुरू झाल्यापासून तर तो पिवळ्यावरून हलेचना. बाई फळ्यावर वर्तुळ काढत, त्याचे चार भाग करत, तीन भाग खडूने रंगवत आणि रंगवलेल्या भागावर छडी टेकवून म्हणत, "हे बघ, हे तीन चतुर्थांश." पिवळा. मग तेच अधिक हळू, मग तेच अधिक मोठ्याने. पिवळाच. तोंडी विचारलं की जुईलीचं उत्तर कधी बरोबर येई, पण ते कसं आलं ते तिला सांगता येत नसे.

शुक्रवारी पट्टीच्या यंत्रणेची शिफारस आली. जुईलीला सोमवारपासून अलिबागला, सावकाश शिकणाऱ्या मुलांच्या गटात हलवावं, राहण्याची सोय तिथेच होईल. तिच्या घरी निरोप आधीच पोचला होता.

शनिवारी जुईली शाळेत आली नाही.

शाळा सुटल्यावर बाई थेट समेळांच्या गणपतीच्या कारखान्यात गेल्या. शाडूच्या ओल्या वासात मूर्तींच्या रांगा वाळत होत्या. जुईलीचे वडील माधवराव हात पुसत पुढे आले.

"बाई, ती म्हणते आता शाळेतच जायचं नाही. आणि मी तरी काय सांगू? पोरीला लांब ठेवायची, तेपण मंद म्हणून? त्यापेक्षा इथं माती मळेल."

"मंद कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला हवं? तुमचा तो दिवाच बोलतो की सगळ्या वर्गासमोर."

बाईंनी कारखान्यात नजर फिरवली. कोपऱ्यात जुईली बसली होती. तिने वर पाहिलं नाही. शेजारी भिंतीला टेकवलेला गौरीचा मुखवटा बाईंना दिसला. विषय काढायला काहीतरी हवं म्हणून बाई म्हणाल्या, "किती सुरेख गाल आलेत गं मुखवट्याचे!" आणि गालावरून बोट फिरवायला त्यांनी हात पुढे केला. बोटाला गाल लागलाच नाही. ते पोकळीत आत गेलं.

जुईली खुदकन हसली. "बाई, तो मुखवटा नाहीये, साचा आहे! आत गेलेला आहे तो."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. पुन्हा तेच. गाल फुगीर, नाक बाहेर आलेलं. आपलं हे असं का होतं ते त्यांना ठाऊक होतं. चेहरा म्हणजे बाहेर आलेला असायचा, अशी मेंदूची जन्माची सवय. त्यामुळे पोकळ चेहराही तो फुगीर करून दाखवतो.

"तुला आत गेलेला दिसतो?"

"आतच आहे, तर आतच दिसणार ना! आणि बघा, इथं खड्डा उथळ झालाय. नाक बसकं येईल. बाबा, हा साचा घासायला झालाय!"

बाईंनी साच्याच्या पोकळीत पुन्हा बोट फिरवलं. मग जुईलीजवळ मातीतच बसल्या. "फळ्यावर मी तीन चतुर्थांश रंगवते ना, तेव्हा तू काय बघतेस?"

जुईली घुटमळली. "रागवाल."

"नाही रागवत."

"जे रंगवलं नाही ते. खड्डा किती ते कळलं की बाकीचं कळतं. पण तुम्ही छडी आपटून म्हणता, इकडे बघ, की माझा खड्डा बुजतो."

सोमवारी जुईली आली ती बाईंनी 'एकदाच ये' म्हटलं म्हणून. तिला न्यायला शिक्षण खात्याच्या विस्तार अधिकारी म्हात्रे मॅडमही आल्या होत्या, तरुण, बोलायला मऊ. बाईंनी त्यांच्याकडून एक तास मागून घेतला आणि फळ्यावर विचारलं, तीन चतुर्थांश मोठा की पाच षष्ठांश? वर्ग समच्छेद करायला लागला. खाली बाराचा छेद मांडून पोरं एकेक करून हिरवी होत गेली. जुईलीच्या पाटीवर काहीच नव्हतं. ठिपका पिवळा.

"पाच षष्ठांश," ती म्हणाली.

"कशावरून?" म्हात्रे मॅडमनी विचारलं.

"तिकडे एक चतुर्थांश खड्डा आहे, इकडे एक षष्ठांशच. खड्डा लहान, म्हणजे भरलेलं जास्त."

"आणि दोन पंचमांश आणि तीन सप्तमांश असले तर?"

जुईलीने ओठ मुडपले. "तिथं दोन्ही खड्डे मोठे आणि जवळपास सारखे. मग बाईंसारखं करावं लागेल. ते लांबलचक आहे."

वर्ग हसला, बाईही हसल्या. म्हात्रे मॅडम मात्र हातातल्या पडद्यावर वाकल्या होत्या. पट्टीने टिपलेल्या मूळ लहरी त्यावर दिसत होत्या.

"बाई, ताल आलाय," त्या हळूच म्हणाल्या. "इतरांच्या आधी आलाय. पण तिची नजर रिकाम्या भागावर होती. पट्टीनं लक्ष भरकटलं असं धरलं आणि ताल सोडून दिला. प्रत्येक वेळी हेच झालं असणार." त्यांनी सुस्कारा सोडला. "मी हे वर कळवीन, तिच्यासारख्या मुलांसाठी ते पट्टी सुधारतील. पण शिफारस मला बदलता येत नाही. ती नाकारायचा अधिकार वर्गशिक्षकाचा. आजवर कुणी वापरलेला नाही."

"मग मी वापरते," बाई म्हणाल्या. "जुईली इथंच शिकेल. आणि कळवाल तेव्हा माझे आभारही कळवा. पट्टीनं ही पोर पिवळी दाखवली नसती, तर मी त्या कारखान्यात गेलेच नसते."

जुईलीने पाटीआड तोंड लपवलं. खांदे हलत होते. रडत होती की हसत, ते कुठल्याच ठिपक्यावरून कळलं नसतं.

"पण हिच्यासारख्यांसाठी सुधारली, तरी हिच्यासारखं नसलेलं कुणीतरी पुढच्या वर्षी येईलच," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. इतकी वर्षं, इतके वर्ग, आणि एकेका कपाळामागे एकेक निराळी वाट. आपल्याला रोज त्या वाटांच्या तोंडाशी उभं राहू दिलं, या विचारानंच त्यांना भरून आलं.

मग त्यांनी कपाटातली जास्तीची पट्टी काढली आणि स्वतःच्या कपाळाला बांधली. वर्गात कुजबूज उठली. खडू जुईलीच्या हातात देऊन बाई तिच्या जागेवर जाऊन बसल्या.

"मला शिकव. फक्त खड्डा बघायचा, रंगवलेलं नाही."

जुईलीने वर्तुळ काढलं, आठ भाग केले, सात रंगवले. शेजारी दुसरं, बारा भागांचं, त्यातले अकरा रंगवले. बाई डोळे बारीक करून बघू लागल्या. नजर पुन्हा पुन्हा रंगाकडेच धावत होती.

"पिवळा!" सार्थक ओरडला. रिद्धीने त्याला कोपराने ढोसलं. सगळा वर्ग श्वास रोखून बाईंच्या कानशिलाकडे बघू लागला.

ठिपका पिवळाच राहिला. जुईलीने खडू खाली ठेवला, बाकाजवळ आली आणि वाकून बाईंच्या डोळ्यांत बघत तिने विचारलं, "बाई, तुमच्या डोक्यात आत्ता काय दिसतंय ते मला आधी सांगाल?"