जिन्सी लॅबमध्ये आहे

हे घडलेलं आहे. पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका. मला काही लाईक गोळा करायचे नाहीत, आणि ह्या बाबतीत कुणाशी वाद घालायची माझी ताकदही नाही. नावं तेवढी बदलली आहेत.

जानेवारीतली संध्याकाळ. कॅनडातलं विनिपेग. बाहेर उणे तीस.

आम्ही तिघी एका घराच्या तळघरात भाड्याने राहायचो. मी, हारिका आणि जिन्सी. हारिका विजयवाड्याची, कॉम्प्युटरवाली. जिन्सी केरळातली, कोट्टयमची. ती आणि मी एकाच लॅबमध्ये. आमचं संशोधन मातीवर. शेतातनं माती आणायची, वाळवायची, चाळायची, तपासायची.

हारिका आम्हाला भारी चिडवायची. "अक्का, एवढं शिकून साता समुद्रापलीकडे आलात, आणि करता काय? पीठ चाळता!"

जिन्सी चाळायला बसली की पलीकडच्या खोलीतही कळायचं. सर्र... सर्र... मग चाळणीच्या कडेवर दोनदा, टक टक. आमच्या घरी पीठ चाळताना बायका करतात, अगदी तस्सं.

आता एक गोष्ट सांगते. परदेशात शिकणाऱ्या पोरापोरींमध्ये एक नियम असतो. कुणी शिकवत नाही, आपोआप कळतो. मैत्रिणीच्या घरून फोन आला आणि ती जागेवर नसली, तर सांगायचं, "लॅबमध्ये आहे."

मग ती सिनेमाला गेलेली असो, हॉटेलात भांडी घासत असो, नाहीतर उशीत तोंड खुपसून रडत असो.

"माहीत नाही" असं कधी म्हणायचं नाही. तिकडे आईबापांच्या जिवाला घोर लागतो. लॅब म्हटलं की ते खूश. पोरगी अभ्यास करतेय.

तुमची मुलं बाहेर असतील, तर तीही हेच करत असणार. रागावू नका त्यांच्यावर.

त्या आठवड्यात मी परिषदेसाठी टोरांटोला होते. घरी हारिका एकटीच. पप्पू, म्हणजे त्यांच्याकडचं वरण, शिजत होतं, ती फोडणीची तयारी करत होती. जिन्सी अजून आली नव्हती. हारिकाला वाटलं, असेल कुठे बाहेर.

फोन वाजला. जिन्सीची आई, लीलाम्मा आंटी. शाळेत हिंदी शिकवायच्या, त्यामुळे आमच्याशी चांगलं बोलता यायचं. तिकडे सकाळ होती.

"मोळे, जिन्सी फोन उचलत नाही गं." मोळे म्हणजे पोरी. आम्हा तिघींनाही त्या तेच म्हणायच्या. "सकाळपासून मन थाऱ्यावर नाही माझं. कुठे आहे ती?"

"लॅबमध्ये आहे, आंटी."

"नक्की? सनीला सांगू का बघून यायला? त्याच्याकडे गाडी आहे."

सनीअंकल हे त्यांचे मावसभाऊ. आमच्याच शहरात, कॉलेजच्या जवळच राहायचे.

"कशाला, आंटी! एवढ्या थंडीत उगाच कशाला त्यांना त्रास? आत्ताच तर मी तिला लॅबमध्ये सोडून आले. माती चाळतेय तुमची लेक."

"बरं बरं. करू दे मग काम."

जिन्सी तेव्हा कॉलेजच्या रोपं वाढवायच्या काचघरामागे बर्फात पडली होती. बसथांब्याकडे जायची ती जवळची वाट. पाय घसरला, डोकं आपटलं. वरून बर्फ पडत राहिला.

सकाळी बर्फ उपसणाऱ्या माणसाला ती दिसली.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत होती.

आंटींच्या त्या फोनचं हारिकाने मला तेव्हा सांगितलं नाही. मी परत आले तेव्हा ती फक्त रडत होती. मला वाटलं, रडणारच. जिन्सीला तिच्या गावी पाठवलं. लॅबच्या सरांनी तिचं टेबल मोकळं केलं. तिच्या मातीच्या पिशव्या खोक्यात भरून ठेवल्या.

मग एका संध्याकाळी लॅबमध्ये मी एकटीच लिहीत बसले होते. बाकीचे घरी गेले होते. खिडकीबाहेर कधीच अंधार पडला होता.

सर्र...

मला वाटलं, हीटर असेल.

सर्र... सर्र...

मग थोडा वेळ काहीच नाही.

टक टक.

मी पेन ठेवून पलीकडच्या खोलीकडे पाहिलं.

माती चाळायच्या त्या खोलीतला दिवा आत माणूस हलला की आपोआप लागतो. कुणी नसलं की विझतो. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता.

"कोण आहे?" मी इंग्रजीत ओरडले. मग मराठीत. वेड लागल्यासारखं.

आवाज थांबला.

मी दार ढकललं. आत कुणी नव्हतं. चाळणी टेबलावर होती. आणि खालच्या ताटात... बारीक माती. नुकतीच चाळलेली. तिचा धुरळा अजून हवेत तरंगत होता.

मी कोट न घालता बाहेर पळाले. उणे तीसमध्ये! थंडी वाजतेय हे बसमध्ये चढल्यावर कळलं.

घरी आले, तर हारिका स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होती. अगदी हळू आवाजात.

"हो आंटी. लॅबमध्येच आहे. हो, काम करतेय."

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"कुणाशी बोलत होतीस?"

तेव्हा ती सगळं बोलली. त्या संध्याकाळचं खोटं. सनीअंकलना पाठवू नका म्हटलं ते. आणि त्यानंतरचं. अंत्यविधी आटोपल्यापासून लीलाम्मा आंटी तिला रोज ह्याच वेळी फोन करत होत्या. तासतासभर, फिरून फिरून एकच प्रश्न. "मोळे, जिन्सी कुठे आहे?"

"पहिल्या दिवशी मला काही सुचलंच नाही, अक्का. तोंडातून तेच निघालं. त्या म्हणाल्या, बरं. आता रोज विचारतात. मी काय सांगू? मी मारलंय तिला! मी एकदा 'माहीत नाही' म्हटलं असतं, तर सनीअंकल गेले असते. ती वाचली असती!"

ती माझ्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली. मी तिला मातीच्या खोलीबद्दल सांगितलं नाही. कसं सांगणार? पण मनातल्या मनात वेळ जुळवून पाहिली. इकडे हारिका "लॅबमध्ये आहे" म्हणत होती, तेव्हाच तिकडे...

मी म्हटलं, "हारिका, उद्या त्यांना खरं सांग. नाहीतर हे संपायचं नाही. ना तुझं, ना त्यांचं."

आणि कुणाचं, ते मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मी हारिकाच्या शेजारी बसले, तिचा हात धरून. फोन टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला.

"मोळे, जिन्सी कुठे आहे?"



"आंटी, मी खोटं बोलले. ती लॅबमध्ये नव्हती. त्या दिवशीही नव्हती. ती कुठे आहे मला माहीतच नव्हतं. मला माफ करा, आंटी... मला माफ करा."

पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. लांब कुठेतरी कोंबडा आरवला.

आंटी ओरडतील, शिव्या देतील, असं मला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात त्यांच्या घरात दुसरा फोन वाजू लागला. जुना, भिंतीजवळचा. ट्रिंग ट्रिंग.

"थांब हं," आंटी अगदी सहज म्हणाल्या. "तिचाच असेल. रोज करते ना. लॅबमधून."

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

त्यांच्या चपला वाजत गेल्या. रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. त्या मल्याळममध्ये काहीतरी बोलल्या, लाडाने, लेकीशी बोलतात तसं. मग नुसतं ऐकत राहिल्या. बराच वेळ.

परत आल्या तेव्हा त्यांचा श्वास लागला होता.

"मोळे, ती विचारतेय..."

"काय?" हे मी विचारलं.

"ती विचारतेय, अम्मा, मी लॅबमध्ये नाही, तर मग कुठे आहे?"

हारिका किंचाळली. मी तिला घट्ट धरून ठेवलं.

"काय सांगू तिला?" आंटी रडकुंडीला आल्या होत्या. "थंडी वाजतेय म्हणते. खूप अंधार आहे म्हणते. तू सांग ना मोळे. तू सांगायचीस तेव्हा ती शांत असायची. सांग ना!"

हारिकाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. हो, मीच हलवली.

"आंटी... ती लॅबमध्ये आहे," हारिका हुंदके देत म्हणाली. "सांगा तिला. लॅबमध्येच आहे ती. माती चाळतेय."

चपला पुन्हा वाजत गेल्या. पुन्हा आल्या.

"नाही गं," आंटी म्हणाल्या. "आता तिला ते खरं वाटत नाहीये."

त्यानंतर मातीच्या खोलीतून कधीच आवाज आला नाही. मी मुद्दाम थांबून पाहिलं. कितीतरी संध्याकाळी दारापाशी बसले. खाली फटीत अंधारच असायचा.

लीलाम्मा आंटींनी हारिकाला परत फोन केला नाही. सनीअंकल गावी जाऊन आले, त्यांनी मला सांगितलं, तिकडे घरातला फोन अजून रोज वाजतो. त्या उचलतात. काही बोलत नाहीत. ऐकतात आणि रडतात. अंकलनी एकदा तो त्यांच्या हातातून घेऊन कानाला लावला. काय ऐकलं ते सांगायला तयार नाहीत.

हारिका आता दुसऱ्या शहरात असते. कामापुरतं बोलते. ती मला दोष देत नाही. पण खरं सांग, असं तिला मीच म्हटलं होतं. खोटी का होईना, त्या पोरीला जायला एक जागा होती. उबदार, उजेडाची. ती मी काढून घेतली.

रोज संध्याकाळी माझ्या आईचा फोन येतो. ती नेहमीसारखं सहज विचारते, "कुठे आहेस गं?"

मी लगेच उत्तर देत नाही. आधी आजूबाजूला नीट बघून घेते. भिंतीला हात लावून बघते.

मगच सांगते.